नॉर्थ केपवरची संकष्टी

साउदम्प्टनहून बोट सुटते तेव्हा वरच्या डेकवर बँड वाजतो, लोक हातात ग्लास धरून किनाऱ्याला टाटा करतात, आणि मी खाली, खिडकी नसलेल्या एका ऑफिसात, कुठल्या बंदरावर किती बसगाड्या लागणार याची जुळवाजुळव करत बसलेली असते. लंडनमधल्या हाउन्सलोत, माझ्या घराजवळ राहणाऱ्या मैत्रिणींना वाटतं, शुभांगीची मजा आहे, फुकटात नॉर्वे बघते. बघते खरी, पण शेपटाकडून. बोट बंदराला लागली की प्रवाशांच्या सहली निघतात. प्रत्येक सहलीत सगळ्यात पुढे त्या गावचा गाइड असतो आणि सगळ्यात मागे बोटीवरचा एक एस्कॉर्ट. गाइडने बोलायचं, एस्कॉर्टने माणसं सांभाळायची. कुणी दुकानात घुसलं, कुणी फोटो काढत राहिलं, कुणाचा गुडघा कुरकुरायला लागला, की ते सगळं माझ्या गळ्यात. माझ्या हातात एक काठी आणि तिच्या टोकाला गोल पाटी. पाटी पुढून पांढरी, तिच्यावर सहलीचा नंबर. मागून गडद निळी, कोरी. आमच्या धंद्यात तिला लॉलीपॉप म्हणतात. नियम एकच, लॉलीपॉपच्या मागे कुणी राहता कामा नये.

बोटीवर येण्याआधी हीथ्रोवर चेक-इनच्या काउंटरला इतकी वर्षं काढली आहेत की माणसं हाकायचं मला काही वाटत नाही. त्यातून मी पुण्याची, म्हणजे दुसऱ्याला शिस्त लावायची हौस उपजतच.

त्या खेपेला जून महिना होता आणि बोट उत्तरेला निघाली होती. आधी ओलेसुंद, मग ट्रॉम्सो, मग युरोपचं वरचं टोक म्हणून मिरवणारं नॉर्थ केप, आणि परतताना बर्गन. सुरुवातीला नुसताच समुद्र. अशा दिवशी सहलींच्या काउंटरवर झुंबड उडते. काउंटरवर मी एक सूचना लिहून ठेवली होती: बसमध्ये पिशवी ठेवून जागा अडवू नये, खिडकी तुमच्या शेजाऱ्यालाही आवडते. ती वाचून कुणीतरी स्वच्छ मराठीत म्हणालं, "ही लिहिणारी बाई पुण्याची नसली तर मी नाव बदलीन."

मी वर पाहिलं. उंच, ताठ, पांढरेशुभ्र बूट घातलेले एक गृहस्थ, आणि त्यांच्या खांद्याला जेमतेम लागणाऱ्या, स्वेटरवर शाल घेतलेल्या बाई.

"नाव बदलावं लागणार नाही," मी म्हटलं. "सदाशिव पेठ."

"बघ! मी सांगितलं नव्हतं?" ते बायकोला म्हणाले.

हे डॉक्टर आठल्ये. ग्लासगोला हाडांचे सर्जन होते, आता निवृत्त. मूळ गुहागरकडचे. सुमनकाकू माहेरच्या नागपूरच्या. लग्न झाल्या झाल्या दोघं इकडे आले ते इकडचेच झाले. दोनेक वर्षांपूर्वी डॉक्टरांची बायपास झाली होती, आणि आपण अगदी ठणठणीत आहोत हे साऱ्या जगाला दाखवायला ते या क्रूझवर आले होते.

"सगळ्यात जास्त चढाची सहल कुठली, ती दे," ते म्हणाले.

"त्यांचं काही ऐकू नकोस गं," काकू म्हणाल्या. "मला एक सांग. ट्रॉम्सोला असू त्या दिवशी संकष्टी येते. चंद्रोदय कधी आहे? आमच्या घरातलं कॅलेंडर पुण्याहून येतं, त्यात वेळ मुंबईची."

मी ऐटीत फोन काढला, पंचांगाचं अ‍ॅप उघडलं आणि सांगितलं, "मध्यरात्र उलटल्यावर आहे. उशीर होईल थोडा, पण तुमचं पान मी किचनमध्ये सांगून ठेवते. काही काळजी करू नका, मी आहे ना."

हे 'मी आहे ना' मी दिवसातून दहादा म्हणते आणि खरंही करून दाखवते. पण अ‍ॅप हाउन्सलोत बसवलेलं, वेळ लंडनची, आणि बोट चालली होती पार पृथ्वीच्या टाळूवर. हे ना माझ्या डोक्यात आलं, ना काकूंच्या, ना एवढ्या शिकलेल्या डॉक्टरांच्या.

ओलेसुंद हे गाव एकेकाळी आगीत भस्म झालं आणि मग सगळंच्या सगळं एकदम दगडाचं बांधून काढलं. त्यामुळे गावभर एकाच घराण्यातली वाटावीत अशी घरं आहेत. निमुळते मनोरे, भिंतींवर कोरलेली पानं-फुलं, आणि घरांना वळसा घालून गावात शिरलेलं समुद्राचं पाणी. धक्क्यावर मासळीचा वास सुटला होता. दुपारी जेवायला क्लिपफिस्क (खारवून वाळवलेला कॉड मासा) टोमॅटोच्या रश्श्यात शिजवून दिला. डॉक्टरांनी दोनदा घेतला. "आमच्या खाऱ्या माशाचा चुलतभाऊ आहे हा," ते म्हणाले, "थंडीत राहून गोरा झालाय एवढंच."

गावामागे एक टेकडी आहे आणि वर जायला पायऱ्याच पायऱ्या. डॉक्टर गाइडच्या टाचेला टाच लावून निघाले. काकू चार पायऱ्या चढायच्या आणि थांबायच्या, म्हणून मी आणि माझी पाटीही थांबत होतो. मधल्या बाकावर आम्ही टेकलो. खाली बोट खेळण्यासारखी दिसत होती.

"हे बघ कसे पळतायत," काकू वर बघत म्हणाल्या.

"काकू, त्यांना जरा दमानं घ्यायला सांगा ना."

"पळू देत. त्यासाठीच तर बोलले होते." त्या शालीच्या टोकाचे गोंडे ओढत राहिल्या. मग हलक्या आवाजात सांगायला लागल्या. "त्यांना ऑपरेशनला आत नेलं ना, तेव्हा मी बाहेर बसून गणपतीला बोलले. हे आपल्या पायांनी चालत घरी आले तर एकवीस संकष्ट्या करीन. कडक. दिवसभर चहा आणि पाणी, चंद्रोदय झाला की अर्घ्य आणि मगच जेवण. वीस झाल्या. ट्रॉम्सोची एकविसावी."

"डॉक्टरांना माहीत आहे?"

"छे गं. आमच्या माहेरी नवस फेडेपर्यंत सांगत नाहीत. ज्याच्यासाठी बोललाय त्याला तर नाहीच नाही. त्यांना वाटतं, म्हातारपणी बायकोला देवाचं वेड लागलंय."

"मग मला कसं सांगितलंत?"

"तू परकी. परक्याला सांगितलेलं चालतं."

मी विचारलं, "आणि एखादी चुकली तर?"

"मग पहिल्यापासून," काकू म्हणाल्या. "पहिल्यापासून करायला मी कंटाळणार नाही. पण तेवढ्यात त्यांना काही झालं तर ते माझ्यामुळे झालं, असं आयुष्यभर वाटेल." हे त्यांनी अगदी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. 

ट्रॉम्सोला पोहोचेपर्यंत आम्ही आर्क्टिक वर्तुळ ओलांडलं होतं. त्या वेळी बोटीवर एक खुळा समारंभ असतो. खोटी दाढी लावलेला समुद्रदेव येतो आणि लोक हौसेनं आपल्या मानेवर बर्फाचं पाणी ओतून घेतात. डॉक्टरांनी घेतलं. काकूंनी टॉवेल धरला.

ट्रॉम्सो मला आवडतं. बेटावर वसलेलं गाव, दोन्ही बाजूंना पूल, जूनमध्येही डोंगरांच्या डोक्यावर बर्फ, आणि गावातले लोक मात्र अर्ध्या बाह्यांत आइस्क्रीम खात फिरत असतात. पलीकडच्या काठावर पत्त्यांच्या घरासारखं उभं केलेलं पांढरं चर्च आहे. आम्ही केबल कारने डोंगरावर गेलो. वर वाऱ्याबरोबर बर्फाचा वास आला आणि खाली फियॉर्ड (डोंगरांमधून आत घुसलेली समुद्राची चिंचोळी खाडी) आरशासारखा पसरला होता. दुपारी सगळ्यांनी क्रीम घातलेलं माशांचं सूप प्यायलं. काकू काळा चहा घेऊन खिडकीशी बसल्या आणि त्यांनी लोकांच्या वाट्यांकडे चुकूनही पाहिलं नाही.

बोटीवर परतल्यावर मी सहज फोन पाहिला. अ‍ॅपला आता कुठे उमगलं होतं की आपण लंडनमध्ये नाही. चंद्रोदयाच्या जागी आकडाच नव्हता. नुसती आडवी रेघ.

 तशीच वर जाऊन मी, बोट जिथून चालवतात त्या ब्रिजवरच्या सेकंड ऑफिसरला गाठलं. हा एडिनबराचा, बोलण्यात महाकंजूस. त्यानं पडद्यावर काहीतरी पाहिलं आणि म्हणाला, "उगवणार नाही."

"ढग आहेत म्हणून?"

"नाही. उगवणारच नाही. उन्हाळ्यात इथं सूर्य मावळत नाही, आणि पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र वर येत नाही. दोघांनी पाळ्या वाटून घेतल्यात."

"मग येणार कधी?"

"आपण खाली दक्षिणेला गेलो की. दोनतीन दिवसांत."

दोनतीन दिवसांत काय उपयोग? चतुर्थी दुसऱ्या दिवशी दुपारी संपत होती. 'मी आहे ना' म्हणणाऱ्या बाईला आता काकूंसमोर जाऊन चंद्रच नाही म्हणून सांगायचं होतं.

काकू वरच्या डेकवर खुर्ची टाकून बसल्या होत्या, शेजारी डॉक्टर. समोर सूर्य ढिम्म उभा होता. मी सगळं सांगितलं, माझी चूक झाली हेही सांगितलं.

"अगं, मग सुट्टीच दिली देवानं!" डॉक्टर म्हणाले. "सुमन, चल, जेवून घे."

"काकू, ग्लासगोला ढगच ढग असतात. तिथं तुम्ही काय करता?" मी विचारलं.

"वेळ झाली की पान वाढते. ढगाआड असला तरी तो असतो ना. इथं तो नाहीच."

"मग ग्लासगोची वेळ धर," डॉक्टर म्हणाले.

"मी ग्लासगोत आहे का?"

"मुंबईची धर. लंडनची धर."

"लंडनला माझं कोण आहे?"

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "हट्टीपणाला काही औषध नाही. उपाशीपोटी बीपीच्या गोळ्या घ्यायच्या आणि आकाशाकडे बघत बसायचं. देवाला दुसरे उद्योग नाहीत का?" ते तरातरा निघून गेले. चिडले होते, पण मला त्यात राग कमी आणि धास्ती जास्त दिसली. खरं काय ते सांगून टाकावं असं माझ्या जिभेवर आलं होतं. काकूंनी माझ्याकडे नुसतं बघितलं, आणि मी मूग गिळून बसले.

सकाळी बोट होनिंग्सव्होगला लागली. नॉर्थ केपला जायचं ते इथून. नाश्त्याच्या टेबलावर काकूंपुढे पुन्हा काळा चहाच, म्हणजे आदल्या दिवशीच्या सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. आज बोटीवर थांबा असं मी सुचवून पाहिलं. त्या म्हणाल्या, "इतक्या लांब आलेय ती टोक बघायलाच. कदाचित तिथून दिसेल." तिथून तर मुळीच दिसणार नव्हता. पण ते सांगायला माझी जीभ रेटेना.

आमची गाइड सिग्रिड त्याच गावातली, गोड गळ्याची मुलगी. बस निघाली आणि झाडं संपली. एक झुडूपसुद्धा नाही. करडे दगड, शेवाळ, मधूनच बर्फाचे पट्टे, आणि खाली काळपट निळा समुद्र. डॉक्टर सवयीप्रमाणे पुढच्या सीटवर. काकू मागे माझ्या पुढच्या सीटवर, लीड्सहून आलेल्या मार्गारेट नावाच्या बाईशेजारी. मार्गारेट दर दहा मिनिटांनी त्यांच्यापुढे पेपरमिंट धरायची आणि काकू दर वेळी हसून नको म्हणायच्या.

अर्ध्या वाटेवर दुष्काळात तेरावा महिना. रेनडिअरचा कळप रस्त्यात आला. आला तो आला, वर मधोमध उभा राहिला. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. इथं त्यांना हॉर्न देत नाहीत, सिग्रिडने सांगितलं, रस्ता त्यांचाही आहे. सगळी बस फोटो काढायला खिडक्यांशी धावली. मी घड्याळ बघत होते. काकूही बघत होत्या. अखेर एका लहान पाडसाला पलीकडचं गवत आवडलं आणि मागोमाग सगळे हलले.

नॉर्थ केप म्हणजे समुद्रात घुसलेला सपाट माथ्याचा कडा. टोकाला लोखंडी पट्ट्यांचा पृथ्वीचा गोल उभा केला आहे आणि त्यापुढे काही नाही, नुसतं पाणी, थेट उत्तर ध्रुवाकडे. वारा असा की टोपी गेली तर रशियात सापडेल. लोक त्या गोलापाशी रांग लावून फोटो काढत होते. डॉक्टर तिथं पहिले पोहोचले आणि पाठीमागे हात बांधून उभे राहिले, आपणच शोध लावल्यासारखे.

काकू माझ्या दंडाला धरून चालत होत्या. गोल अजून थोडा लांब असताना त्या थांबल्या. "शुभांगी, जरा बसते गं," म्हणाल्या आणि खाली दगडावरच बसल्या. चेहरा पांढरा पडला होता. मी हातातली पाटी उंच धरून जोरजोरात हलवली आणि डॉक्टरांच्या नावाने अशी हाक मारली की वारासुद्धा दचकला असेल.

डॉक्टर पळत आले. काही विचारलं नाही, गुडघ्यावर बसले आणि काकूंचं मनगट धरलं. ओठांतल्या ओठांत नाडी मोजायला लागले. आम्ही दोघांनी त्यांना धरून आतल्या कॅफेत आणलं. मार्गारेट दार धरून उभी होती.

कॅफेत वॉफल्स भाजल्याचा वास दरवळत होता. इथं त्यांच्यावर जॅम आणि ब्रूनुस्त (तपकिरी, गोडसर चीज, चवीला थेट खरपूस खव्यासारखं) घालून खातात. डॉक्टरांनी एक प्लेट काकूंपुढे ठेवली.

"खा."

काकूंनी प्लेट बाजूला सरकवली.

"सुमन, मी हात जोडतो तुला." आता त्यांचा आवाजच बदलला होता. "मला भीती वाटते गं. तुला समजत कसं नाही?"

"मला पण वाटते," काकू म्हणाल्या. "म्हणूनच नाही खात."

याचा अर्थ फक्त मला कळत होता. डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागले. मग मान न वळवताच म्हणाले, "चतुर्थी आहे ना अजून?"

"दुपारपर्यंत," मी सांगितलं.

"आमच्याकडे आषाढ-श्रावणात चंद्र दिसायचाच नाही. दोन दोन महिने आभाळ फाटलेलं. तेव्हा आई पाट मांडायची आणि पाटावर तांदळाचा चंद्र काढायची. त्याला अर्घ्य, त्यालाच नैवेद्य. बोटं माझी बारीक, म्हणून काढायला मला बसवायची."

काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "हे मला कधी सांगितलं नाहीत."

"तू विचारलं नाहीस. आणि मला तरी कुठे आठवत होतं?"

"पण तिथं तो ढगाआड असायचा," काकूंनी पुन्हा मूळ मुद्दा धरला. "इथं तर—"

"आईला काय ठाऊक तो ढगाआड आहे की नाही? कॅलेंडर पाहायला तिला अक्षर कुठे येत होतं? ती म्हणायची, आपण पाट मांडला की त्याला यावंच लागतं. आता ही तुझ्या सासूची रीत आहे. पटत नसेल तर तिच्याशी भांड."

सासूबाईंची रीत म्हटल्यावर काकूंचा चेहरा हळूहळू सैल झाला. माहेरचं काही असतं तर त्यांनी वाद घातला असता. सासरच्या कुळाचारापुढे मात्र आमच्या बायका, मग त्या ग्लासगोत राहोत की टिंबक्टूत, मान तुकवतातच.

"पाट कुठला आणायचा?" त्या म्हणाल्या.

मी माझी सात नंबरची पाटी काठीवरून काढली आणि पालथी घालून टेबलावर ठेवली. गोल, निळी, कोरी. त्या दिवसात माझ्या डोक्यातून निघालेली ही एकच शहाणी गोष्ट. चंद्राला पुरतील एवढे तांदूळ नव्हते, पण प्रत्येक टेबलावर साखरेच्या पुड्या होत्या. मी आसपासच्या टेबलांवरून पुड्या गोळा करायला लागले, तशी मार्गारेटनेही न विचारता दोन मुठी भरून आणल्या. डॉक्टरांनी चष्मा लावला, बाह्या सारल्या आणि चिमटीने साखर सोडायला सुरुवात केली. माणसांची हाडं जुळवलेली ती बोटं. कड अशी रेखीव येत होती की शेजारच्या टेबलावरचे लोक खाणं थांबवून बघायला लागले.

"पूर्ण गोल काढू नका," काकू म्हणाल्या. "पौर्णिमा नाही, चतुर्थी आहे. एका बाजूनं झिजलेला हवा."

"माहीत आहे. वरून उजवीकडे."

"डावीकडे ना?"

"सुमन, चंद्र मी काढतोय."

काकूंनी पर्समधून डबी काढली. हळद-कुंकू, लाल अक्षता, आणि दुसऱ्या डब्यात खव्याचे मोदक, मी आमच्या हाउन्सलोच्या मिठाईवाल्याकडून स्वतःसाठी बोटीवर आणलेले आणि नैवेद्याला म्हणून त्यांना दिलेले. साखरेच्या चंद्राला त्यांनी कुंकू लावलं, कागदी पेल्यातलं पाणी थेंब थेंब सोडून अर्घ्य दिलं, मोदक ठेवला आणि डोळे मिटले. खिडकीबाहेर सूर्य होता, आत सगळं शांत झालं होतं. मार्गारेटने माझ्या कानात विचारलं, वाढदिवस आहे का? मी म्हटलं, तसंच काहीसं.

काकूंनी मोदक तोंडात घातला. दुसरा घातला. मग समोरची वॉफलची प्लेट ओढली आणि त्या तपकिरी चीजसकट सगळं खाल्लं. गालांवर रंग आला तशी त्यांनी प्लेट सारली आणि म्हणाल्या, "झाल्या. एकवीस झाल्या."

"कसल्या एकवीस?" डॉक्टरांनी विचारलं.

आता सांगायला हरकत नव्हती. काकूंनी सांगितलं. ऑपरेशनची खोली, बाहेरचं बाक, आपल्या पायांनी चालत घरी आले तर. काहीच न सजवता, रुमालाने हात पुसत पुसत.

 टेबलावर सांडलेली साखर डॉक्टर बोटाने गोळा करत राहिले, एकेक कण. मग म्हणाले, "आणि मी सबंध वेळ पुढे पळत होतो."

मला रडू आलं. उगाच लपवत नाही, चांगलं घळाघळा आलं. मार्गारेटने मला पेपरमिंट दिलं.

बस निघायची वेळ झाली. साखर पुसून मी पाटी काठीला लावली आणि सगळ्यांना बाहेर काढलं. नियमाप्रमाणे शेवटची मी. दारात मागे वळून पाहिलं तर डॉक्टर आणि काकू अजून माझ्या मागेच. काकू सावकाश येत होत्या आणि डॉक्टर त्यांच्या पावलाला पाऊल लावून, हात धरून.

"डॉक्टर, माझ्या मागे कुणी राहायचं नाही, असा नियम आहे," मी म्हटलं.

"मग तू हो पुढे," ते म्हणाले.

आणि मी झाले.

बर्गनला पाऊस होता, तिथं तो असतोच. जुन्या लाकडी वखारींच्या अरुंद गल्ल्यांमधून ओल्या फळ्यांवर पावलं वाजवत आम्ही हिंडलो. दालचिनीचे गरम पाव खाल्ले, मासळीबाजारात काकूंनी नाकाला पदर लावला आणि डॉक्टरांनी प्रत्येक माशाची चौकशी केली. पण सगळं शेपटाकडून. पुढे गाइडच्या टाचेशी आता मार्गारेट होती.

साउदम्प्टनला उतरताना काकूंनी मला जवळ घेतलं आणि उरलेले मोदक हातात ठेवले. मी पाटी जमा करायला ऑफिसात गेले. निळ्या बाजूला, वरून उजवीकडे, कुंकवाचा डाग राहिला होता. साबणाने घासून पाहिला, गेला नाही. मग मीही फार घासलं नाही. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की माणसं सांभाळायची म्हणजे कुणी मागे राहू द्यायचं नाही. आता वाटतं, काही माणसांना मागे राहू द्यावं. ती बरोबर पोहोचतात.

महिना उलटला. हाउन्सलोच्या घरी मी कुकर लावत होते, तेवढ्यात ग्लासगोहून काकूंचा फोन. त्या चिडलेल्या होत्या.

"शुभांगी, तूच समजाव यांना. आज संकष्टी आहे."

"काकू, तुमच्या तर फिटल्या ना?"

"माझ्या फिटल्या. उपास यांचा आहे."

"डॉक्टरांचा?"

"सकाळपासून चहावर आहेत. बायपास झालेला माणूस. मी डोकं आपटून घेतलं, पण ऐकतील तर शपथ. इथं आभाळ भरलेलं, चंद्राचा पत्ता नाही, तर पाट मांडून साखर घेऊन बसलेत. आणि कशासाठी करताय विचारलं तर सांगत नाहीत."

"काय म्हणतात?"

"म्हणतात, फेडल्यावर सांगेन."